धागा: आपल्या माणसाला शेजारी बसवून दाखवावा असा एक चित्रपट

टिळकवाडीकर

सर्वांना नमस्कार.

बेळगावच्या टिळकवाडीतील आम्ही आठ स्नेही गेली दोन वर्षे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कोणाच्या तरी घरी जमतो, एक चित्रपट सलग पाहतो, चहा घेताना त्यावर बोलतो आणि आपापल्या घरी परततो. आठांपैकी पाच जण मराठी माध्यमात शिकलेले आहेत, तिघांचे शिक्षण कन्नडमधून झाले आहे. सहा महिन्यांपासून एका कन्नडभाषक मित्राच्या आईही येऊ लागल्या आहेत. त्या मूळच्या बैलहोंगलकडच्या, वय अठ्ठ्याहत्तर. बाजारहाटापुरती मराठी त्यांना कळते. इंग्रजी उपशीर्षके वाचता येत नाहीत.

चित्रपट निवडण्याची वेळ आली की प्रत्येक जण यादी काढतो. ‘पाहिलेच पाहिजेत’ अशा शंभर-शंभर चित्रपटांच्या याद्या आता सर्वत्र मिळतात आणि त्यांत चुकीचे काही नसते. तरीही त्या याद्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. गेल्या वर्षी मी हट्टाने ‘सामना’ लावला. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांचे लेखन, निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू समोरासमोर. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेसाठी निवडला गेलेला हा चित्रपट मी स्वतः दहा वेळा तरी पाहिला असेल. कन्नडभाषक मित्रांनी तो शेवटपर्यंत पाहिला, चांगला आहे असे म्हणाले, आणि विषय तेथेच थांबला. घरी जाताना माझ्या लक्षात आले की या चित्रपटातली सत्ता बोलण्याच्या ढबीत राहते. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील ज्या लाघवी स्वरात समोरच्या माणसाला आपलासा करतो आणि त्याच स्वरात त्याला गिळतो, तो स्वर उपशीर्षकात उतरत नाही. चित्रपट मोठाच होता. मी तो कोणासाठी निवडतो आहे, याचा विचार मात्र केला नव्हता.

म्हणून येथील जाणकारांना विनंती आहे. प्रत्येकाने शक्यतो एकच चित्रपट सांगावा. तो तुम्ही कोणाला दाखवला, का दाखवला आणि त्या माणसाने तो कसा पाहिला, हे लिहावे. शेवट उघड करू नये. पुरस्कारांची माहिती हवी तर द्यावी, पण तेवढ्यावर शिफारस उभी करू नये.

निपाणीकर

‘प्रपंच’, १९६१. कथा ग. दि. माडगूळकरांची.

आमच्या निपाणीपासून जवळच खडकलाट हे गाव आहे. या चित्रपटाच्या नायिका सुलोचनाबाई त्या गावच्या. लाटकर हे आडनाव त्या गावाची खूण वागवते. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली त्या घडल्या आणि पुढे अर्धे शतक मराठी व हिंदी पडद्यावर आई म्हणून वावरल्या. २०२३ च्या जूनमध्ये त्या गेल्या, तेव्हा मी आमच्या आत्तींना त्यांचा एक चित्रपट दाखवायचे ठरवले. आत्तींची उमर तंबाखूच्या वखारीत गेली. चित्रपट म्हणजे जत्रेतल्या तंबूत बसून पाहायची गोष्ट, असे त्यांचे मत, आणि तंबू बंद झाल्यापासून त्यांनी काही पाहिलेले नव्हते.

‘वहिनींच्या बांगड्या’ लावावा असे घरच्यांचे म्हणणे होते. मी ‘प्रपंच’ निवडला, कारण त्यातील घर कुंभाराचे आहे. खाणारी तोंडे वाढत जातात, मडकी तेवढीच विकली जातात, आणि शाहीर अमर शेख यांनी उभा केलेला तो कुंभार दिवसेंदिवस वाकत जातो. सुलोचनाबाई त्यात रडतात त्यापेक्षा अधिक वेळ हिशोब करतात. घरात काय उरले आहे आणि ते कोणाच्या ताटात जायचे, हा हिशोब त्यांच्या डोळ्यांत सतत चाललेला दिसतो. आत्ती तासभर काहीही बोलल्या नाहीत. नंतर त्या एकदम म्हणाल्या, “ही बाई स्वतः जेवलेली दाखवलीच नाही.” मी तो चित्रपट आधी तीनदा पाहिला होता, आणि ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

टिळकवाडीकर, तुमच्या मंडळातील त्या आजींना याचा बराचसा भाग भाषेवाचून कळेल, असे मला वाटते.

संकेश्वरचा वाचक

मी ‘जोगवा’ सुचवतो, परंतु तो सहजासहजी लावू नये, अशी सूचनाही सोबत करतो.

राजीव पाटील यांचा हा चित्रपट २००९ साली प्रदर्शित झाला. त्याचा आधार राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांचा आहे. गवस गडहिंग्लज भागातले, म्हणजे आमच्या संकेश्वरपासून हाकेच्या अंतरावरचे. ज्या यल्लम्मा देवीला मुले-मुली वाहण्याच्या प्रथेची ही कथा आहे, तिचे स्थान सौंदत्तीचा डोंगर, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला हा चित्रपट एका अनोळखी प्रथेची ओळख करून देतो. आपल्याला तो आपल्याच उंबऱ्यावर उभे करतो.

माझ्या लहानपणी मंगळवारी आणि शुक्रवारी दारात जोगतीण येत असे. हातात परडी, कपाळावर भंडारा. आई सुपातून पीठ देत असे आणि मी ते परडीत टाकत असे. अनेक वर्षे ती एकच बाई येत होती. तिचे नाव काय, हे मला कधी विचारावेसे वाटले नाही. केसात जट आली म्हणून एखाद्या मुलीला देवीला वाहिले जाते आणि पुढचे सर्व आयुष्य तिच्या हातातून निघून जाते, हे मला पुष्कळ उशिरा समजले. कर्नाटकात देवदासी समर्पणास बंदी घालणारा कायदा १९८२ साली झाला. कायदा होण्यापूर्वी आणि झाल्यानंतरही आमच्या घरातून पीठ दिले जात होते, आणि त्यात आम्ही पुण्य मानत होतो.

चित्रपटात सुली आणि तायप्पा अशी दोन माणसे आहेत. मुक्ता बर्वे आणि उपेंद्र लिमये यांनी त्या भूमिका केल्या आहेत. पुरुष असूनही लुगडे नेसावे लागलेल्या तायप्पाचे अवघडलेपण लिमये यांनी खांद्यांतून आणि चालण्यातून दाखवले आहे, आणि त्याबद्दल त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अजय-अतुल यांचे संगीत, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांचे गायन यांनाही त्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. या गाण्यांमुळे एक अडचण मात्र होते. ती लग्नाच्या वरातीत वाजतात, आणि अनेकांना हा चित्रपट म्हणजे एक प्रेमकथा वाटते.

मी तो माझ्या कन्येला दाखवला. ती तेव्हा पदवीच्या दुसऱ्या वर्षात होती. चित्रपट संपल्यावर तिने तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, त्या जोगतिणीचे नाव विचारले. आईला ते ठाऊक होते. वीस वर्षांत मी जो प्रश्न विचारला नव्हता, तो तिने पाच मिनिटांत विचारला. एवढ्यासाठी हा चित्रपट सीमाभागातील प्रत्येक घरात एकदा तरी लागावा, असे मला मनापासून वाटते.

चंदगडी

लहान मुले सोबत असतील तर ‘टिंग्या’ (२००८, दिग्दर्शक मंगेश हाडवळे). शेतकऱ्याच्या मुलाचा जखमी बैलावरचा जीव, एवढीच कथा आहे. माझ्या सात वर्षांच्या मुलाने तो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यात जाऊन आमच्या बैलाचे पाय तपासले.

शहापूरची अक्का

मी या धाग्याविषयी एक वेगळा मुद्दा मांडणार आहे. तो राग म्हणून वाचू नये.

येथे मराठी चित्रपट पाहणे आजही सोपे नाही. चांगला चित्रपट आला तरी आठवडाभरात निघून जातो. काही चित्रपटांसाठी मी आणि माझे यजमान शंभराहून अधिक किलोमीटर प्रवास करून कोल्हापूरला गेलो आहोत. आमच्या मुलांच्या पिढीला मराठी बोलता येते, पण त्यांच्या तोंडी येणारी मराठी दिवसेंदिवस पातळ होत चालली आहे. चित्रपट हे त्यांना भाषा ऐकवण्याचे राहिलेले एक साधन आहे. असे असताना महिन्यातून मिळणारा एक शनिवार मराठी चित्रपटांसाठीच राखावा, आणि तोही भाषेच्या अंगाने सकस असलेल्या चित्रपटांसाठी, असे मला वाटते. ज्यांना मराठी कमी कळते त्यांच्या सोयीने आपण निवड करू लागलो, तर सर्वांत आधी बाहेर जातील ते ‘सामना’सारखेच चित्रपट. भाषेतच ज्यांचा जीव आहे, असे ते चित्रपट आहेत.

माझी शिफारस ‘कैरी’ ही आहे. अमोल पालेकर यांनी २००० साली जी. ए. कुलकर्णींच्या कथेवर हा चित्रपट केला. जी. ए. आपल्या चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे, शिकले बेळगावात, आणि आयुष्यभर शिकवले धारवाडच्या महाविद्यालयात. त्यांच्या कथांमधील माळ, तापलेले रस्ते आणि मुक्या बायका मला आपल्या मुलखातल्या वाटतात. आई गेलेली मुलगी तानीमावशीच्या घरी येते. मावशी तिला काय देऊ शकते आणि काय देऊ शकत नाही, हे आपण त्या मुलीच्या डोळ्यांनी पाहतो. मी हा चित्रपट माझ्या भाचीला दाखवला आणि त्यानंतर तिने मूळ कथा वाचायला घेतली. ती इंग्रजी माध्यमात शिकलेली आहे. जी. एं.चे एक वाक्य वाचायला तिला दोन मिनिटे लागत होती, तरी तिने कथा सोडली नाही.

मूळची धारवाडची

अक्का, तुमची काळजी मला समजते. माझ्या माहेरी नेमकी हीच काळजी उलट बाजूने व्यक्त होत असे. माझे वडील म्हणत, मुलगी बेळगावात दिली, आता नातवंडांचे कन्नड संपले.

तरीही एक आठवण करून द्यावीशी वाटते. ज्या मराठी चित्रपटांना आपण आपले वैभव मानतो, त्यांत आमच्या बाजूची माणसे पहिल्यापासून आहेत. प्रभातच्या १९३९ सालच्या ‘माणूस’मधील मैना आठवा. ती भूमिका करणाऱ्या शांता हुबळीकर हुबळीजवळच्या अदरगुंचीच्या, आणि आडनाव म्हणून त्यांनी हुबळीच धारण केली. त्यांचे सर्वांत गाजलेले गाणेही अनेक भाषांतील कडव्यांचे आहे. १९५३ सालच्या ‘गुळाचा गणपती’मध्ये कथा, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका सर्व पु. ल. देशपांडे यांचे आहे. पु. ल. काही काळ बेळगावात प्राध्यापक होते. आणि त्या चित्रपटातील इंद्रायणीकाठचा अभंग गायला आहे भीमसेन जोशींनी, ज्यांचे गाव गदग. तो अभंग ऐकताना माझ्या वडिलांना कधी भाषांतर लागले नाही.

माझी शिफारस ‘घटश्राद्ध’. गिरीश कासरवळ्ळी यांचा हा पहिला कथापट, १९७७ चा, कन्नड, कृष्णधवल. कथा यू. आर. अनंतमूर्ती यांची. वेदपाठशाळेत आलेला नाणी नावाचा लहान मुलगा आणि पाठशाळा चालवणाऱ्या उडुपांची तरुण विधवा मुलगी यमुना, या दोघांभोवती तो फिरतो. जिवंत माणसाला मेलेले ठरवून समाजाबाहेर काढण्याचा विधी म्हणजे घटश्राद्ध. शब्द आपल्याही भाषेतला आहे, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला शीर्षकापासूनच धसका बसतो. एके काळी दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांमधील पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखवत असत, तेव्हा मी तो प्रथम पाहिला. लग्नानंतर माझ्या सासूबाईंना दाखवला. त्या कोकणस्थ, कन्नड अजिबात न येणाऱ्या. मी मध्ये मध्ये अर्थ सांगू लागले, तेव्हा त्यांनी हाताने मला थांबवले. त्यांच्या आजोळी विधवेचे लाल आलवण नेसलेली एक आत्या होती, आणि त्या दुपारनंतर त्या तिच्याविषयी प्रथमच मोकळेपणाने बोलल्या.

आणखी एक नाव घेते, मुलांसाठी. ‘बेट्टद हूवु’, १९८५. पुनीत राजकुमार यांना त्यातील बालभूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. डोंगरातली फुले विकून पैसे जमवणाऱ्या एका गरीब मुलाला कन्नड कवी कुवेंपूंचे ‘श्री रामायण दर्शनम्’ हे पुस्तक विकत घ्यायचे आहे. पुस्तकासाठी इतका जीव टाकणारा मुलगा मी दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात पाहिलेला नाही.

टिळकवाडीकर

अक्कांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. वर्षाच्या बारा शनिवारांपैकी निम्मे तरी मराठीसाठी राखावेत, हे आमच्या मंडळासमोर ठेवतो.

पुण्यात राहणारा बेळगावकर

अक्का आणि धारवाडच्या ताई या दोघींचे वाचल्यावर मला ‘कोर्ट’ सुचवावासा वाटतो. चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिला चित्रपट. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दोन सन्मान मिळाले आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. एका वृद्ध शाहिरावर असा आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. खटला तारखांमागून तारखा पुढे सरकत राहतो. पुण्यातील माझे सहकारी या चित्रपटाविषयी बोलतात तेव्हा न्यायव्यवस्थेच्या संथपणाविषयी बोलतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती सीमाभागात वाढल्यामुळे दिसते, अशी माझी खात्री आहे.

त्या न्यायालयात कामकाज मराठीत चालते. बचाव पक्षाचे वकील गुजराती घरातले आहेत, आणि मराठी नीट समजत नसल्यामुळे हिंदी किंवा इंग्रजीत बोलावे, अशी विनंती त्यांना करावी लागते. हा प्रसंग लहान आहे, कोणी आवाजही चढवत नाही. पण तो पाहताना मला माझे वडील आठवले. शेताच्या एका कामासाठी मी त्यांच्याबरोबर एका सरकारी कचेरीत गेलो होतो. समोर आलेला कागद पूर्णपणे कन्नडमध्ये होता. वडील चांगले शिकलेले, त्यांचे वाचन मोठे, आणि ते हातात पेन धरून त्या कागदाकडे नुसते पाहत बसले. शेवटी बाकावर शेजारी बसलेल्या एका अनोळखी कन्नड गृहस्थांनी तो कागद ओळीओळीने वाचून त्याचा अर्थ सांगितला आणि मग वडिलांनी सही केली. ज्या भाषेत आपण हुशार असतो, त्या भाषेबाहेर नेऊन बसवल्यावर माणूस कसा लहान होतो, हे मी त्या दिवशी पाहिले. ‘कोर्ट’मध्ये तोच लहानपणा दुसऱ्याच्या वाट्याला येतो आणि या वेळी कचेरीची भाषा माझी असते.

याच चित्रपटात सरकारी वकील असलेली बाई सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जाते. त्या नाटकात बाहेरून आलेल्या माणसाला हुसकावले जाते आणि प्रेक्षागृहात टाळ्या पडतात. कॅमेरा तेथे कोणताही शेरा मारत नाही. ती बाई दुष्ट नाही. ती घरी स्वयंपाक करते, मुलांना वाढते, रेल्वेगाडीत मैत्रिणीशी साड्यांविषयी बोलते. मी हा चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा त्या टाळ्यांच्या वेळी माझे हात मांडीवर तसेच राहिले. बेळगावातला मी त्या प्रेक्षागृहात कोणत्या खुर्चीत बसलेलो असतो, हे मला ठरवता येत नव्हते.

अक्का, मराठीसाठी शनिवार राखावा या तुमच्या मागणीला माझा पाठिंबा आहे. त्यांपैकी एक या चित्रपटाला मिळावा.

शहापूरची अक्का

‘कोर्ट’ मी पाहिलेला नाही. पाहून मगच लिहीन.

मलप्रभेकाठी

मी खानापूर तालुक्यातली. माझी शिफारस ‘अस्तु’ ही आहे, आणि तुमच्या मंडळाची रचना वाचताच तिची आठवण झाली.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट. डॉ. मोहन आगाशे यांनी संस्कृतचे निवृत्त विद्वान चक्रपाणी शास्त्री साकारले आहेत. त्यांची स्मृती हळूहळू विरते आहे. आयुष्यभर ज्यांनी शब्दांचे मूळ शोधले, त्यांना आता रोजचे शब्दही सापडेनासे झाले आहेत. एके दिवशी मुलीची नजर चुकते आणि ते रस्त्यावरून चाललेल्या एका हत्तीच्या मागे निघून जातात. इकडे मुलगी इरा, म्हणजे इरावती हर्षे, त्यांचा शोध घेते. तिकडे ते माहुताच्या संसारात जाऊन पोहोचतात. त्या माहुताची बायको चन्नम्मा कन्नड बोलणारी आहे. ही भूमिका अमृता सुभाष यांनी केली असून त्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुमित्रा भावे यांना त्याच वर्षी याच चित्रपटाच्या संवादांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

विचार करा: पुण्याच्या विद्वत्तेत मुरलेला एक वृद्ध आणि कित्तूरच्या राणीचे नाव धारण करणारी, हातावर पोट असलेली एक कन्नड बाई. त्यांना जोडणारी एकही भाषा नीट उरलेली नाही. त्याची संस्कृत आणि मराठी गळून चालली आहे, तिची मराठी मुळातच तोकडी आहे. तरी ती त्याला ज्या रीतीने सांभाळते, त्यावरून आपल्या लक्षात येते की त्याला काय हवे आहे हे तिला त्याच्या घरच्यांपेक्षा लवकर कळले आहे.

मी हा चित्रपट माझ्या मोठ्या भावाला दाखवला. वडिलांच्या आजारपणात तो त्यांच्यावर ओरडत असे आणि नंतर एकटा बसून रडत असे. मी त्याला कथा काहीही सांगितली नाही, “माझ्याबरोबर बस” एवढेच म्हटले. त्या रात्री आमच्यात विशेष बोलणे झाले नाही. मात्र पुढे चार महिने वडील होते, आणि त्या चार महिन्यांत त्याने त्यांचे एकच वाक्य दहा वेळा ऐकून दहा वेळा उत्तर दिले.

एक व्यावहारिक सूचनाही करते. दोन भाषांचे प्रेक्षक असतील तेव्हा चित्रपट मध्ये थांबवून अर्थ सांगू नये. सुरू होण्याआधी दोन मिनिटांत पात्रांची नावे आणि नाती तेवढी सांगावीत. नाते कळले की मोठी माणसे उरलेले स्वतः जुळवतात. धारवाडच्या ताईंच्या सासूबाईंनी हात वर करून हेच सांगितले, असे मला वाटते.

टिळकवाडीकर

आपल्या सर्वांच्या सूचनांबद्दल मनःपूर्वक आभार. काल दुसरा शनिवार होता. आम्ही ‘अस्तु’ पाहिला, आणि त्याविषयी लिहिणे मला कर्तव्य वाटते.

मलप्रभेकाठच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी सुरुवातीला नावे आणि नाती तेवढी सांगितली. पहिला भाग आजींना जड गेला असावा. त्या स्वस्थ बसून होत्या. चन्नम्मा पडद्यावर आली आणि कन्नड बोलू लागली तेव्हा त्या पुढे सरकून बसल्या. त्यानंतर खोलीतील मांडणीच बदलली. आजवर प्रत्येक शनिवारी आम्ही मराठी मंडळी जाणकार असायचो आणि त्यांचा मुलगा त्यांच्या कानाशी हळू आवाजात अर्थ सांगत असायचा. काल चन्नम्माचे बोलणे संपले की आम्ही पाचही जण नकळत आजींकडे वळत होतो. त्यांनी दोनदा आम्हाला मोडक्या मराठीत अर्थ सांगितला. तिसऱ्यांदा, “आधी पाहा,” असे कन्नडमध्ये म्हणून त्यांनी आम्हाला गप्प केले.

चहाच्या वेळी त्या त्यांच्या यजमानांविषयी बोलल्या. शेवटच्या दोन वर्षांत ते घरची वाट विसरले होते आणि अनेकदा बैलहोंगलच्या बसस्थानकावर जाऊन बसत. तेथील एक फुले विकणारी बाई त्यांना आपल्याजवळ बसवून ठेवत असे आणि घरचे येईपर्यंत त्यांच्या हातात दोरा आणि फुले देत असे. आमच्या मित्राशी माझी पंचवीस वर्षांची ओळख आहे, आणि त्याच्या वडिलांविषयीची ही गोष्ट मी काल प्रथम ऐकली. तो स्वतःही मान खाली घालून ऐकत होता.

पुढच्या महिन्याचा चित्रपट आजींनी सुचवला आहे. त्यांनी ‘संत तुकाराम’ म्हटले, तेव्हा आम्ही अर्थातच प्रभातचा १९३६ सालचा, विष्णुपंत पागनीसांचा समजलो. त्यांच्या मनात मात्र १९६३ सालचा कन्नड ‘संत तुकाराम’ होता, कन्नड अभिनेते डॉ. राजकुमार यांचा. त्यांच्यासाठी तुकोबांचा चेहरा राजकुमारांचा आहे. पागनीसांचे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते, आणि आमच्यापैकी चौघांना कन्नड चित्रपट ठाऊक नव्हता. म्हणून लागोपाठच्या दोन शनिवारी दोन्ही पाहायचे ठरले आहे, प्रभातचा आधी. तो आमच्याकडे आहे. कन्नड चित्रपटाची बरी प्रत कोणाकडे असल्यास कृपया कळवावे.

मूळची धारवाडची

माझ्या भावाकडे आहे. तो गुरुवारी बेळगावला येणार आहे, त्याच्याकडून मागवते. आपली हरकत नसेल तर त्या शनिवारी सासूबाईंना घेऊन मीही येईन.

शहापूरची अक्का

प्रभातचा लावाल त्या शनिवारी माझ्या भाचीसाठी एक जागा ठेवावी. तिने तुकोबांचे अभंग पाठ केले आहेत, पण ते शाळेच्या स्पर्धेपुरते. आणि दुसऱ्या शनिवारी मलाही यायचे आहे.